कुणी न वाजवलेलं व्हायोलिन

एकांकिकेचं संगीत करायला दिग्दर्शकाने मला विचारलं होतं, माझ्या बहिणीला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळं असं काही होत गेलं की लोक ते विसरले, आणि एक-दोनदा दिग्दर्शकसुद्धा विसरला.

अलिबागच्या त्या हौशी नाट्यमंडळीत मी बरीच वर्षं व्हायोलिन वाजवत आले. उजव्या विंगेत एक खुर्ची, स्टँडला चिमट्याने लावलेला छोटा दिवा, आणि मी. संवाद संपत आला की मान वर करून नटाचा श्वास बघायचा आणि गज तारेवर टेकवायचा. प्रेक्षकांना मी कधीच दिसत नसे. मंडळीतल्या लोकांना मात्र माझ्याशिवाय चैन पडत नसे, आणि त्यात माझं समाधान होतं.

दिग्दर्शक बँकेत नोकरी करतो. त्या वर्षी त्याने मिठागरावर राबणाऱ्या एका बाईची गोष्ट घेतली. आमचं मूळ घर खाडीकाठच्या खारेपाटातलं. आजोबा मिठागरावर होते, वडिलांनी ट्रक घेतला आणि मग अलिबागला घर बांधलं. त्यामुळे तालमीत ती बाई पायाने चिखल तुडवते तो प्रसंग बघताना मला आजीच्या भेगाळलेल्या टाचा आठवल्या, आणि तिथेच चाल सुचली. संथ, खालच्या तारेवरची. पण एकट्या व्हायोलिनने ती भरेना. मागे जड, खोल तंतुवाद्यं हवीत असं वाटत राहिलं. आता अलिबागमध्ये चेलो वाजवणारं माणूस कुठून आणायचं? तेव्हा मीच, स्वतःच्या तोंडाने, दिग्दर्शकाला म्हणाले की माझी धाकटी बहीण कॉम्प्युटरवर असलं काही करते, तिला विचारू.

धाकटी माझ्याहून सहा वर्षांनी लहान. घरात तिला सगळे बाय म्हणतात, मीही. आमच्या लहानपणी मुंबईच्या स्टुडिओंमध्ये उमेदीची वर्षं वाजवून निवृत्त झालेले एक वादक अलिबागला राहायला आले. त्यांचं सामान आमच्या वडिलांच्या ट्रकमधून आलं आणि त्या ओळखीवर वडिलांनी आम्हा दोघींना त्यांच्याकडे व्हायोलिन शिकायला घातलं. आम्ही त्यांना सर म्हणायचो. मी टिकले. धाकटीची बोटं दुखायची, मान अवघडायची. थोड्याच दिवसांत तिने व्हायोलिन खाली ठेवलं ते ठेवलंच. पण माझ्याबरोबर यायची मात्र, आणि सरांच्या पलंगावर पोटावर पडून त्यांच्या जुन्या स्वरलिपीचे कागद वाचत बसायची. पाच रेघांवरचे काळे ठिपके ती गोष्टीच्या पुस्तकासारखे वाचायची. सर एकदा वडिलांना म्हणाले, "मोठीला हात आहे, धाकटीला कान." मला त्याचा केवढा आनंद झाला होता. त्या दोन्हींत मोठी देणगी कोणती, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

मी लग्न होऊन चौलला आले. नवऱ्याची नारळ-सुपारीची वाडी आहे, वाडीत पर्यटकांसाठी दोन खोल्या. आठवड्यातून तीन दिवस मी अलिबागला आईकडे जाते आणि तिथल्या पुढच्या खोलीत शिकवणी घेते. धाकटीने लग्न केलं नाही. ती आईबरोबर राहते आणि मधल्या खोलीत बसून उरणच्या एका वाहतूक कंपनीचं काम घरूनच करते. टाळेबंदीत हातात वेळ होता तेव्हा तिने स्वरलिपी लिहिण्याचं सॉफ्टवेअर घेतलं आणि त्याला जोडून तंतुवाद्यांच्या आवाजांचा एक मोठा संच. परदेशातल्या वादकांनी एकेक स्वर निरनिराळ्या प्रकारे वाजवून ठेवलेला: लांब ओढलेला, तुटक, बोटाने छेडलेला, थरथरता. पडद्यावर ती स्वर लिहायची आणि ते आतून वाजायचे. मी शिकवणीला यायचे तेव्हा हेडफोन लावून बसलेली असायची. मी त्याला खेळ समजत होते.

तर मी तिला माझी चाल दिली, मोबाइलवर वाजवून. सांगितलं की मागे जरा भर घाल, वरची ओळ मी विंगेतून वाजवीन.

तिने लगेच काही दिलं नाही. मी विचारलं की म्हणायची, होतंय. मग एका दुपारी माझी शिकवणी संपली आणि ती म्हणाली, ताई, ऐक. तिने हेडफोनची वायर काढली आणि स्पीकर लावला.

काय सांगू? पहिल्यांदा तळातून चेलो आले, इतके हळू की ते सुरू झाल्याचं कळलंच नाही, फक्त खोली भरल्यासारखी वाटली. मग व्हायोला. मग कुठूनतरी तारा छेडल्याचे आवाज, सुटे सुटे, आणि त्यांच्यावर माझी चाल. व्हायोलिनवर. गज वळतो तिथे वळत होता. थांबावं तिथे थांबत होता. आई स्वयंपाकघरात कोलंबी सोलत होती, ती ओल्या हातांनी बाहेर आली आणि दारात उभी राहिली.

"ही कोन वाजवतं?" तिने विचारलं.

"कुणी नाही गं. मी लिहिलंय."

"वाजवल्याबिगर वाजंल कसा?" आई म्हणाली, पण उत्तराची वाट न बघता ऐकत राहिली. संपल्यावर तिने मनगटाने डोळे पुसले, बोटांना कोलंबीचा वास होता म्हणून. मग परत आत गेली.

मी त्या घरात लहानपणापासून वाजवत आले आहे. आई मला इतकंच म्हणत आली की झाला का, जेवाला ये.

मी धाकटीला म्हणाले, छान झालंय. तेवढंच म्हणाले. चौलला परतताना सगळा रस्ता ते व्हायोलिन माझ्या कानात वाजत होतं. नागावच्या पुढे मी स्कूटर बाजूला घेतली आणि नुसती उभी राहिले. मला तिच्या बोटांचा राग येत होता. माझ्या डाव्या हाताच्या बोटांना घट्टे आहेत, हनुवटीखाली काळा डाग आहे. खाऱ्या हवेने माझ्या तारा गंजतात, पावसाळ्यात गजाचे केस सैल पडतात, एकदा तर व्हायोलिनचा सांधाच उकलला आणि ते मुंबईला न्यावं लागलं. तिची बोटं मऊच्या मऊ, आणि तिची व्हायोलिनं कधी बेसूर होत नाहीत.

तालमीत दिग्दर्शकाने ते ऐकलं. धाकटीने वरची ओळ नमुन्यापुरती घातली होती, मी वाजवणार म्हटल्यावर ती काढायचीच होती. पण दिग्दर्शकाने दोनदा ऐकलं, नटीला त्यावर चालायला लावलं आणि मग माझ्याकडे आला. स्पर्धेत दोन एकांकिकांच्या मध्ये वेळ फार थोडा मिळतो, त्यात माइक लावणं, आवाज बघणं, सगळी घाई होते. असं सगळं नीट समजावून तो म्हणाला, "या वेळी तुम्ही प्रेक्षकांत बसा, ताई. एकदा तरी नाटक समोरून बघा."

आपण माझ्यावर उपकार करतोय असं त्याला खरंच वाटत होतं. मी म्हणाले, बरंच झालं, हल्ली पाठही दुखते.

घरी धाकटी माझ्या मागे लागली. ताई, तू वाजव, मी ती ओळ काढून टाकते, मी सांगते त्याला. मी नाही म्हणाले. ती काढून टाकणार आणि मग मी वाजवणार, हे मला चालण्यासारखं नव्हतं. तिने सोडलेल्या जागेवर मी बसायचं?

त्याऐवजी मी ठरवलं की हे आपणही करायचं. स्वरलिपी मला येते, गजाचे प्रकार मला तिच्यापेक्षा जास्त येतात. तिने पुस्तकात वाचलेले, मी हाताने केलेले. पर्यटकांच्या बुकिंगसाठी आमच्याकडे एक लॅपटॉप आहे. त्यावर मी ते सॉफ्टवेअर घेतलं, आणि तंतुवाद्यांचा एक फुकट मिळणारा संच. दुपारी खोल्या झाडून झाल्या की पडवीत बसायचे. नवरा येता-जाता बघायचा.

स्वर लिहिणं जमलं. वाजायलाही लागले. पण सगळे एकसारखे, पेटीच्या भात्यासारखे. छेडलेला आवाज हवा म्हणून मी स्वरांच्या वर 'पिझ.' लिहिलं. आमच्या शिक्षणात त्याचा अर्थ गज बाजूला, बोटाने छेड. ते अक्षर बघून माझा हात आपोआप तसं करतो. कॉम्प्युटर मात्र गजानेच वाजवत राहिला. नुसतं लिहून त्याला कळत नव्हतं. मी इंटरनेटवर शोधलं, तेव्हा कळलं की लिहिणारं सॉफ्टवेअर वेगळं आणि वाजवणारा संच वेगळा, दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. संचाला कळते ती एक गुप्त खूण: पट्टीच्या अगदी तळाचा एखादा स्वर, जो त्या वाद्यात नसतोच. तो वाजला की संच समजतो, आता छेडायचं. दुसरा वाजला की आता ओढायचं. कुठला शब्द दिसला की कुठला तळाचा स्वर पाठवायचा, ते आपण आधी जुळवून ठेवायचं.

मी जुळवलं. पुन्हा वाजवलं. व्हायोलिनांनी काहीच दाद दिली नाही, आणि चेलोच्या ओळीत जिथे जिथे 'पिझ.' आलं तिथे तिथे भलताच एक जाड स्वर घुमला, म्हशीने हंबरावं तसा. मी पुसून पुन्हा केलं, पुन्हा तेच. वाडीत उतरलेल्या एका बाईंनी येऊन विचारलं की इथे जवळपास गोठा आहे का.

"बहिणीला फोन कर ना," नवरा म्हणाला.

मी म्हणाले, रेंज नाही.

असे कितीतरी दिवस गेले. मी शिकवणीला जायचे, धाकटी हेडफोन लावून बसलेली दिसायची, आणि मी तिच्या पाठीकडे बघायचे. तिच्याकडे म्हशी हंबरत नव्हत्या. ती मान हलवत होती, मधेच एखादा स्वर खोडत होती, मधेच हसत होती. त्या हसण्याचा मला सगळ्यात जास्त त्रास व्हायचा. मी वाजवताना कधी हसत नाही. मला भीती वाटत असते की आता गज घसरेल.

शेवटी एक दिवस शिकवणीची मुलं आली नाहीत. मी तिच्या खोलीत गेले, बसले, आणि जणू सहज सुचलं अशा आवाजात विचारलं की हे पिझ. वगैरे तू कसं करतेस गं.

ती खुर्चीतच वळली. तिचा चेहरा असा उजळला की मला लाज वाटली. इतक्या वर्षांत मी तिला तिच्या कामाबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. मग मी माझी म्हशीची गोष्ट सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, हे होतंच, मीसुद्धा सुरुवातीला डोकं फोडलंय. एका सॉफ्टवेअरचं चौथं सप्तक ते दुसऱ्याचं तिसरं. आपण नाव बरोबर देतो, पण खूण एक मजला वर जाऊन पडते. व्हायोलिनला तिथे काहीच नसतं म्हणून ते गप्प राहतं, चेलोला तिथे स्वर असतो म्हणून तो बोंबलतो. एक सप्तक खाली घे, झालं.

इतकंच होतं. माझ्या कित्येक दुपारी त्या एका सप्तकात गेल्या होत्या.

मग ती उत्साहाने आपलं काम दाखवायला लागली. एकांकिकेची स्वरलिपी पडद्यावर उघडली. 'पिझ.', परत गज घ्या सांगणारं 'आर्को', ठिपके, कमानी, सगळं नीटनेटकं, सरांच्या कागदांवर असायचं तसं. प्रत्येक खुणेवर टिचकी मारून ती मला ऐकवत होती. आणि माझ्या चालीच्या ओळीवर, लांब स्वरांच्या डोक्यावर, एक वेगळाच शब्द होता. देवनागरीत. 'ताई'.

"हे काय?" मी विचारलं.

"ते तुझं."

मला कळलं नाही. तिने सांगितलं. "तू लांब स्वर थेट घेत नाहीस. खालून जरासा सरकवतेस. मग थोडा वेळ तसाच धरतेस, सरळ, आणि कंप उशिरा देतेस. संचात तसं तयार काही नव्हतं, म्हणून तीन आवाज जोडून मी बनवलं. ताई असं लिहिलं की तो तसा घेतो."

तिने एका कोऱ्या ओळीवर एक लांब स्वर लिहिला आणि वाजवला. साधा, स्वच्छ, कुणाचाही. मग त्याच्यावर 'ताई' लिहिलं आणि परत वाजवला. तो मी होते. पहिल्या दिवशी ऐकून मला इतका राग का आला होता, ते मला तेव्हा उमगलं. तिने दुसऱ्या व्हायोलिनांच्या ओळीवर तोच शब्द लिहिला, आणि तीही सगळी माझ्यासारखी वाजायला लागली. खोलीभर मी.

एखादीला आनंद झाला असता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्वर खालून सरकवण्याच्या त्या सवयीसाठी सर मला किती ओरडले होते. स्वर थेट घे, जिना चढून येऊ नकोस, म्हणायचे. ती सवय गेली नाही, तो माझा दोष, आणि तो दोषच तिने उचलून तिथे सजवून ठेवला होता.

"विचारायचंस तरी," मी म्हणाले.

"विचारलं असतं तर तू नीट वाजवलं असतंस."

ते खरं होतं. मी व्हायोलिनची पेटी उचलली आणि निघाले.

स्पर्धा पनवेलला होती, दिवसभराची. आमची एकांकिका दुपारी. मी चौथ्या रांगेत आईशेजारी बसले. नाटक समोरून बघताना पहिल्यांदाच कळलं की प्रकाश कसा दिसतो, नटीचे पाय चिखलात कसे रुततात. संगीत सुरू झालं आणि पुढच्या रांगेतल्या एका माणसाने खुर्चीत सरळ होऊन मान पुढे काढली. मला वाटलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगावं की ही चाल माझी आहे. पण चालीसाठी त्याने मान पुढे काढली नव्हती. माझा उजवा हात मांडीवर गज फिरवत होता, ते आईने पाहिलं आणि माझ्या हातावर आपला हात ठेवला. मी हात काढून घेतला.

संध्याकाळी निकाल लागला. एकांकिकेला काही नाही, संगीताला पहिलं. परीक्षकांमध्ये एक वयस्कर संगीतकार होते. ते माइकवर म्हणाले की व्हायोलिन ज्यांनी वाजवलं त्यांचा हात फार सुंदर आहे, त्यांनी जरूर वर यावं.

दिग्दर्शकाने धाकटीकडे बघितलं. ती वर गेली. तिने माइक घेतला आणि सरळ सांगितलं की हे कुणीही वाजवलेलं नाही, ते लिहिलेलं आहे, कॉम्प्युटरने वाजवलंय. सभागृहात जराशी कुजबुज झाली. मग ती म्हणाली, चाल माझ्या ताईची आहे, आणि ज्या हाताबद्दल परीक्षक बोलले तो हातही तिचाच आहे, ती तिथे बसली आहे. तिने माझ्याकडे बोट केलं. मी उभी राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, थोड्या, गोंधळलेल्या, वाढदिवस नक्की कुणाचा ते न कळता वाजवतात तशा. परीक्षकांनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि पुढचं बक्षीस पुकारलं.

तिने काही हातचं राखलं नव्हतं. जे होतं ते सगळ्यांसमोर सांगितलं होतं, मला माझा वाटा दिला होता. तो तिने दिला, हेच मला टोचत होतं.

परतताना गाडी ती चालवत होती. आई मागे झोपली. पेण मागे गेलं. वडखळला तिने चहासाठी गाडी थांबवली. आई गाडीतच राहिली. आम्ही बाहेर उभ्या राहून चहा घेतला, समोरून ट्रक जात होते, आणि वडील असते तर त्यांनी एकूणएक ट्रकवाल्याला हात केला असता असं ती म्हणाली. मी म्हणाले, हो. आणि मग, कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं.

"मला तुझा हेवा वाटतो, बाय. फार वाटतो."

ती ग्लासातला चहा गोल फिरवत राहिली. "माहितीये मला," ती म्हणाली. "शाळेत असल्यापासून माहितीये. मला वाटायचं, एक दिवस तू कबूल करशील आणि मला बरं वाटेल."

"मग?"

"नाही वाटलं बरं."

तिने पैसे दिले आणि आम्ही गाडीत बसलो. बोलून टाकल्यावर मन हलकं होतं म्हणतात. माझं झालं नाही. पण त्या दिवसापासून मला तिच्यासमोर सोंग करावं लागत नाही. आता ती काही ऐकवते तेव्हा मी छान म्हणत नाही. मी म्हणते, इथे गज संपला असता, इतका लांब स्वर एका ओढीत कुणी घेत नाही. ती तोंड वाकडं करते आणि बदलते. माझ्या लॅपटॉपवर व्हायोलिनं आता सांगितलं की छेडतात. तेवढंच. त्यांच्याकडून पुढचं काही मला करवून घेता आलेलं नाही.

या वर्षी तिला मुंबईहून एका माहितीपटाचं काम आलं. कोकणच्या किनाऱ्यावरचा, हरिहरेश्वरपर्यंतचा. तिने मला विचारलं की वर एक खरं व्हायोलिन वाजवशील का. तंतुवाद्यं सगळी लिहिलेली असली तरी त्यांच्यात एक जिवंत वाद्य मिसळलं की कान त्याला धरतो आणि बाकीचीही खरी समजतो, असं तिचं म्हणणं.

"म्हणजे त्या सगळ्यांना खरं मी करायचं?"

"व्हय," ती म्हणाली, आईसारखी.

पुढच्या खोलीत खिडक्या बंद केल्या, पंखा बंद केला, भिंतीला गाद्या टेकवल्या. घामाने व्हायोलिन हनुवटीखालून निसटत होतं. शेजाऱ्यांचा पाण्याचा पंप मधेच सुरू व्हायचा आणि परत पहिल्यापासून घ्यावं लागायचं. मी स्वर थेट घ्यायचा प्रयत्न केला, सरांनी सांगितलं तसा. ती स्टुडिओतल्यासारखी काचेपलीकडे नव्हती, समोरच मोड्यावर बसली होती, आणि प्रत्येक वेळी नुसती मान हलवायची, नाही म्हणून. शेवटी मी कंटाळून माझ्या सवयीने वाजवलं. तिने तेच ठेवलं.

काही दिवसांनी मी शिकवणी संपवून तिच्या शेजारी बसले होते तेव्हा मुंबईहून निरोप आला. तिने मोबाइल उलटा ठेवला, पण मी वाचला होता. संगीत सगळ्यांना आवडलं आहे, फक्त ते वरचं एक व्हायोलिन जरा खरखरीत येतं, कमी करा.

"कर कमी," मी म्हणाले.

तिने पडद्यावरची माझ्या आवाजाची पट्टी थोडी खाली ओढली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, अजून. तिने अजून ओढली. मी डोळे मिटून ऐकलं. चेलो होते, व्हायोला होते, व्हायोलिनांचा सगळा थवा होता, आणि त्यांत मी कुठे आहे ते मला सापडेना.

"पूर्ण काढून ऐकवू?" तिने विचारलं. "काय फरक पडतो ते कळेल तुला."

मी नको म्हणाले. फरक पडत नाही असं निघालं असतं तर ते मला तिच्या समोर बसून ऐकायचं नव्हतं.

माहितीपट झाला तेव्हा तिने तो आईच्या मोबाइलवर पाठवला. आई बाजेवर बसून बघत होती, मी शेजारी शेंगा सोलत होते. पडद्यावर किहीमची सुरूची बनं गेली, कुठलंसं मंदिर गेलं, होड्या गेल्या. आई होड्या बघत नव्हती, मोबाइल कानाला लावून बसली होती.

"यातली तू कंची?" तिने विचारलं.

"आहे त्यांच्यातच."

"कलत न्हाय गं." तिने परत पहिल्यापासून लावलं, परत कानाला धरलं. मग मोबाइल माझ्यापुढे केला. "तुजाच तेवढा मोठा कसा करायचा?"

"ते बायला विचार," मी म्हणाले. "तिलाच येतं ते."

आईने आतल्या खोलीकडे तोंड करून धाकटीला हाक मारली. तिच्या कानावर हेडफोन होते. आईने पुन्हा हाक मारली.